क्रोमबुकवर दुसरा ब्राउझर टाकता येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मागे हलक्या लॅपटॉपवर लेख आला होता, वजन किती असावं, बॅटरी किती टिकते, कुणासाठी कुठला बरा, लेख एकंदर चांगला होता. पण क्रोमबुकबद्दल, म्हणजे गुगलच्या क्रोमओएस सिस्टिमवर चालणाऱ्या लॅपटॉपबद्दल लिहिताना एक वाक्य होतं, की यात ब्राउझर क्रोमच वापरावा लागतो, दुसरा टाकायची सोय नाही. हे चूक आहे. आणि पेपरात छापून आलं की लोक ते खरं धरून चालतात, माझ्या ओळखीतल्या दोघांनी तर हेच वाक्य वाचून मला विचारलं की अगं तू तर फायरफॉक्स वापरतेस ना मग कसं काय, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जागा असेल तर अख्खं छापा ही विनंती, कारण अर्धवट सांगितलं तर वाचणारा मधेच अडकून बसेल.

आधी हा समज कुठून आला ते. पहिली क्रोमबुकं २०११ मध्ये बाजारात आली तेव्हा लेखातलं वाक्य शंभर टक्के खरं होतं. मशीन म्हणजेच ब्राउझर होता, चालू केलं की क्रोम उघडायचा, त्याच्या बाहेर काहीच नव्हतं. पुढे २०१६ मध्ये अँड्रॉइडची अ‍ॅप त्यावर चालवायची सोय जाहीर झाली, प्ले स्टोअर आलं. मग २०१८ मध्ये लिनक्स ही विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी सिस्टिम आली, म्हणजे क्रोमबुकच्या आतच एक वेगळा बंदिस्त कप्पा, त्यात डेबियन नावाची लिनक्स सिस्टिम चालते आणि तिचे प्रोग्रॅम नेहमीच्या खिडक्यांसारखेच स्क्रीनवर उघडतात. २०२१ मध्ये या सोयीवरचा बीटाचा, म्हणजे अजून चाचणीत असल्याचा, शिक्काही निघाला. म्हणजे दुसरा ब्राउझर टाकायला दोन रस्ते कधीचेच उघडे आहेत आणि आपण अजून २०११ चंच सांगतोय.

आता कुणी म्हणेल क्रोम चांगला चाललाय ना, मग खटाटोप कशाला. प्रश्न रास्त आहे. क्रोम वाईट ब्राउझर आहे असं मी म्हणतच नाहीये, वेगवान आहे, सुरक्षेचे अपडेट वेळच्या वेळी येतात. पण हलक्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम ४ जीबी असते, आणि आजकालच्या वेबसाइटवर मजकूर असतो मूठभर आणि त्याच्याभोवती जाहिराती, आपोआप चालू होणारे व्हिडिओ, मागोवा घेणारे कोड यांचाच पसारा, या सगळ्याला प्रोसेसर आणि मेमरी लागते, तुमच्या मशीनची. म्हणून जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, हलक्या लॅपटॉपवर चैन नाही, गरज आहे. यात युब्लॉक ओरिजिन हे सगळ्यात नावाजलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन २०२४ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आणि २०२५ मध्ये ते काम पुरं केलं, त्यात हे मूळ एक्स्टेन्शन गेलं. त्याची लाइट आवृत्ती क्रोममध्ये मिळते आणि तीही बरीच कामाची आहे, पण मूळ एक्स्टेन्शन पूर्ण ताकदीने चालवायचं तर फायरफॉक्सवर चालतं, तो बनवणाऱ्या मोझिलाने जुनी पद्धत चालू ठेवलेली आहे. माझं तरी एवढ्यावरच ठरलं होतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्राउझरची नावं डझनभर दिसतात पण आतलं इंजिन, म्हणजे वेबपान वाचून स्क्रीनवर मांडणारा भाग, बघितलं तर क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे एकाच ब्लिंक नावाच्या इंजिनवर चालतात. ऑपेराने स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टने एजचं सोडून २०२० पासून क्रोमियमचं, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायाचं, हेच ब्लिंक घेतलं. मोठ्यांपैकी वेगळे उरलेत ते अ‍ॅपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको, बस. त्यामुळे वेबसाइट बनवणारे क्रोमवर तपासतात आणि झालं म्हणतात. एकाच ब्राउझरची सद्दी झाली की काय होतं ते आपण भोगलेलं आहे, इंटरनेट एक्सप्लोरर ६ आलं २००१ मध्ये आणि पुढची आवृत्ती २००६ मध्ये, पाच वर्षं कुणाला घाई नव्हती कारण समोर कुणी नव्हतंच. मराठी वाचकांना तर हे वेगळं सांगायला नको, युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, रुळायच्या आधी कितीतरी साइटवर मराठी अक्षरं दिसायला त्यांचाच फॉन्ट आणि एक्सप्लोररच लागायचा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की नुसती चित्रविचित्र चिन्हं. ती वेळ परत यायला नको असेल तर निदान काही लोकांनी वेगळ्या इंजिनचा ब्राउझर रोज वापरला पाहिजे, आणि तो ज्या मशीनवर सगळ्यात अवघड समजला जातो तिथे तर नक्कीच.

आता कसं करायचं ते सांगते.

सोपा रस्ता प्ले स्टोअरचा. स्टोअर उघडा, फायरफॉक्स शोधा, इन्स्टॉल दाबा, झालं. पण लक्षात घ्या, हा फोनसाठी बनवलेला फायरफॉक्स आहे. काही साइट त्याला फोन समजून मोबाइलचं पान पाठवतात, मग मेनूत जाऊन डेस्कटॉप साइट चालू करावं लागतं. कीबोर्डचे शॉर्टकट सगळे चालतीलच असं नाही. पण २०२३ च्या डिसेंबरपासून त्यातही एक्स्टेन्शनचं दार मोकळं झालंय, युब्लॉक ओरिजिन आधीपासून चालत होतंच, त्यामुळे ज्यांना नुसतं वाचायचंय, थोडंफार शोधायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, खोटं कशाला सांगू.

पूर्ण, कॉम्प्युटरवरचा फायरफॉक्स हवा असेल तर लिनक्सचा रस्ता. सेटिंगमध्ये जाऊन लिनक्स असं शोधा, लिनक्स डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट असा पर्याय येतो, त्याच्यापुढे सेट अप. डेव्हलपमेंट हा शब्द बघून बरेच जण तिथूनच मागे फिरतात, आपण काही प्रोग्रॅमर नाही म्हणतात, फिरू नका. तो आधी एक नाव विचारतो आणि डिस्कवर किती जागा द्यायची ते विचारतो, सहसा १० जीबी सुचवतो, तेवढी ठेवा, नंतर बदलता येते. मग थोडा वेळ डाउनलोड चालतं आणि शेवटी एक काळी खिडकी उघडते, त्यात तुमचं नाव, पुढे पेंग्विन असा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. ही टर्मिनल. इथे दोन ओळी टाइप करायच्या, इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान लिपी. पहिली ओळ, एस-यू-डी-ओ, स्पेस, ए-पी-टी, स्पेस, अपडेट, आणि एंटर. पुष्कळ ओळी भराभर सरकतात, सरकू द्या. मग दुसरी, परत एस-यू-डी-ओ, स्पेस, ए-पी-टी, स्पेस, इन्स्टॉल, स्पेस, फायरफॉक्स, मग जागा न सोडता आडवी रेघ, आणि लगेच ई-एस-आर. एंटर मारल्यावर तो किती जागा लागेल ते सांगतो आणि पुढे जाऊ का विचारतो, वाय दाबून एंटर. थांबा. कर्सर परत पेंग्विनच्या पुढे येऊन थांबला की काम झालं. आता लाँचर उघडून बघा, लिनक्स अ‍ॅप्स नावाचा फोल्डर तयार झालेला असतो, त्यात फायरफॉक्सचं चिन्ह. त्यावर उजवं क्लिक करून खालच्या पट्टीवर पिन करा म्हणजे दरवेळी शोधायला नको.

मराठीत मेनू हवा असेल तर तशीच अजून एक ओळ, शेवटच्या नावाला आडवी रेघ, एल, दहाचा आकडा, एन, परत आडवी रेघ, एम-आर एवढं जोडायचं, मराठीचं पॅकेज बसतं, आणि मग फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये भाषा निवडायची. ज्यांना इंग्रजी मेनूची सवय नाही त्यांच्यासाठी हे आवर्जून करा, घरातल्या मोठ्या माणसांना फरक पडतो, मी बघितलाय.

ई-एस-आर म्हणजे सावकाश बदलणारी आवृत्ती. दिसणं वागणं साधारण वर्षभर तेच राहतं, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र दर चार आठवड्यांनी येत असतात. रोजच्या वापराला हीच बरी. अगदी ताजीच हवी असेल तर मोझिलाने २०२४ च्या जानेवारीपासून डेबियनसाठी स्वतःचं पॅकेज द्यायला सुरुवात केलीय, ते कसं जोडायचं हे त्यांच्या मदतपानावर पायरीपायरीने दिलंय. ज्यांच्या क्रोमबुकात एआरएम प्रोसेसर आहे, म्हणजे फोनमध्ये असतो त्या जातीचा, त्यांना मोझिलाची अधिकृत लिनक्स आवृत्ती २०२५ च्या मार्चपासूनच मिळायला लागली, पण डेबियनवाली ई-एस-आर त्यांच्याकडेही आधीपासून चालते, म्हणून वर मी तीच सांगितली.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात छापता आली तर बरं होईल. कुठल्या तरी व्हिडिओत बघून डेव्हलपर मोड चालू करू नका. ही वेगळी भानगड आहे, नाव सारखं वाटतं म्हणून गल्लत होते. त्याने लॅपटॉपवरचा तुमचा सगळा डेटा पुसला जातो, सिस्टिम स्वतःची तपासणी करते ती बंद होते, आणि दरवेळी चालू करताना इशाऱ्याचा स्क्रीन येतो. फायरफॉक्स टाकायला याची काडीचीही गरज नाही. वर सांगितलेला लिनक्सचा कप्पा मुख्य सिस्टिमपासून अलग असतो, त्यात काही बिघडलं तर सेटिंगमध्ये रिमूव्ह दाबलं की तो कप्पा साफ, बाकी लॅपटॉप होता तसा. फक्त त्या कप्प्यातल्या फायलीही जातात, त्या आधी काढून ठेवायच्या. तसंच कुठल्याही अनोळखी साइटवरून फायरफॉक्सची फाइल उतरवायला जाऊ नका, विंडोजची ईएक्सई फाइल तर इथे चालतच नाही आणि बाकीच्यांचा भरवसा काय.

आता उणिवा, त्याही सांगितल्याच पाहिजेत. लिनक्सच्या कप्प्याला कॅमेरा मिळत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉल क्रोममध्येच करा. माइक मिळतो पण सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. व्हिडिओ बघताना क्रोमला हार्डवेअरची जी मदत मिळते ती या फायरफॉक्सला मिळत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो, लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते, म्हणून सिनेमा बिनेमा क्रोमवर. फायरफॉक्समधून डाउनलोड केलेली फाइल नेहमीच्या डाउनलोडमध्ये दिसत नाही, फाइल्स अ‍ॅपमध्ये डाव्या बाजूला लिनक्स फाइल्स म्हणून वेगळी जागा असते तिथे सापडते, आणि उलट, एखादी फाइल अपलोड करायची तर त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून शेअर विथ लिनक्स करावं लागतं. हे माहीत नसलं की माणूस वैतागतो आणि फायरफॉक्सला नावं ठेवतो. अपडेटचंही तसंच, क्रोम आपोआप अपडेट होतो पण या कप्प्यातल्या प्रोग्रॅमसाठी अधूनमधून टर्मिनल उघडून अपडेट आणि त्यापाठोपाठ अपग्रेड अशा दोन ओळी चालवाव्या लागतात, आठवड्यातून एक वार ठरवून टाका.

रॅमचं म्हणाल तर लिनक्सचा कप्पा स्वतःच थोडी मेमरी खातो. ४ जीबीच्या मशीनवर क्रोममध्ये दहा टॅब आणि फायरफॉक्समध्ये दहा टॅब असं एकदम चालवाल तर अडखळणारच. एका वेळी एकच मुख्य ठेवा. मी वाचन, शोधाशोध, लिखाण सगळं फायरफॉक्सवर करते आणि कॉल असेल तेव्हा तो बंद करून क्रोम उघडते, छान जमतं. ८ जीबीवर हा विचारच करावा लागत नाही.

शाळेने किंवा ऑफिसने दिलेलं क्रोमबुक असेल तर बहुतेक वेळा हे दोन्ही रस्ते त्यांनी बंद केलेले असतात, तिथे खटपट करू नका, ज्यांच्याकडे ताबा आहे त्यांना रीतसर विचारा.

आणि क्रोमबुकच का, विंडोजवाले हलके लॅपटॉपही काही वेळा एस मोडमध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच अ‍ॅप बसतात, वेबसाइटवरून ब्राउझर उतरवून बसवायला गेलं की सरळ अडवतो. लोकांना वाटतं लॅपटॉप बिघडला. फायरफॉक्स २०२१ च्या नोव्हेंबरपासून त्या स्टोअरमध्ये आहे, आधी तिथे बघा. नाहीच जमलं तर सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन या भागातून एस मोड सोडता येतो, पैसे लागत नाहीत, पण एकदा सोडला की परत जाता येत नाही एवढं ध्यानात ठेवा. लेखात याचाही उल्लेख नव्हता.

यापुढचं म्हणणं क्रोमबुक बनवणाऱ्यांसाठी आहे. क्रोमबुकवर एवढं सगळं करून फायरफॉक्स टाकला तरी मुख्य सिस्टिममध्ये कुठल्या लिंकवर क्लिक केलं की उघडतो क्रोमच. लिनक्सचा फायरफॉक्स कायमचा ब्राउझर म्हणून नेमायची सेटिंग नाही. इतर लॅपटॉपवर ही साधी गोष्ट आहे, इथे का नको? तांत्रिक अडचण आहे हे मला पटत नाही, कारण गुगलने स्वतःच लॅक्रोस नावाचं काम कितीतरी वर्षं चालवलं होतं, ब्राउझर सिस्टिमपासून सुटा करायचं, आणि २०२४ मध्ये ते थांबवलं. ते पुरं झालं असतं तर अजून एक मोठा फायदा होता. आज क्रोमबुकचे अपडेट ज्या तारखेला संपतात त्या तारखेला त्यातला क्रोमही म्हातारा होतो, कारण दोन्ही एकत्र जोडलेले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तसं नसतं, विंडोज ७ चे अपडेट २०२० मध्ये संपले तरी फायरफॉक्सची ११५ नंबरची ई-एस-आर आवृत्ती त्यानंतरही कितीतरी काळ त्यावर दुरुस्त्या देत राहिली. चांगलं चालणारं मशीन, कीबोर्ड ठीक, बॅटरी ठीक, आणि ब्राउझर जुना झाला म्हणून बाजूला ठेवायचं, याचं मला फार वाईट वाटतं. गुगलने २०२३ मध्ये अपडेटची मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली, ते चांगलंच केलं, पण ही दहा वर्षं ते मॉडेल ज्या हार्डवेअर प्लॅटफॉर्मवर बनलंय तो पहिल्यांदा बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलं तेव्हापासून नाही, हे घेणाऱ्याला कोण सांगतं? मुदत संपलेल्या मशीनवर लिनक्समधला ताजा फायरफॉक्स चालेल, वाचायला बिचायला हरकत नाही, पण खालची सिस्टिम जुनीच राहते, म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

ती तारीख बघायची जागा सेटिंगमध्येच आहे, अबाउट क्रोमओएस, मग अ‍ॅडिशनल डिटेल्स, तिथे अपडेट शेड्यूल. जुनं मशीन विकत घेणाऱ्याने तर पैसे द्यायच्या आधी समोर बसून हे पान उघडून बघावं.

आपल्याला विनंती एवढीच की ते वाक्य दुरुस्त करून छापा, आणि यापुढे पुरवणीत कुठल्याही लॅपटॉपची माहिती देताना वजन आणि बॅटरीच्या खाली दोन ओळी वाढवा, यावर दुसरा ब्राउझर बसवता येतो का आणि कसा, आणि याचे अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत मिळणार. लॅपटॉप घेऊन घरी आल्यावर लोक सगळ्यात जास्त वेळ ब्राउझरमध्येच घालवतात, आणि नेमकं त्याबद्दल लेखात काहीच नसतं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक